गाण्याची शिकवणी ॲपवर नेताना फी कोणत्या दाराने घ्यावी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर गाण्याची शिकवणी चालते. शिकवणाऱ्या ताई सुरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात शिकलेल्या आहेत आणि त्यांच्या जमाखर्चाची वही दर वर्षाअखेर माझ्याकडे तपासायला येते. यंदा ती मार्चची वाट न पाहता दिवाळीनंतरच आली. ताईंच्या भाच्याने शिकवणीचे ॲप करायला घेतले होते, आणि त्यातून पैसे कसे घ्यायचे या एका प्रश्नावर मावशी-भाच्याचे घोडे अडले होते. वहीच्या शेवटच्या पानावर पाच रकाने आखलेले होते. माडीवर येऊन शिकणाऱ्यांची फी, पुण्याच्या आणि टोरांटोच्या विद्यार्थ्यांना एकेकट्याला व्हिडिओवरून दिलेले धडे, रविवारचा चार-पाच मुलांचा ऑनलाइन वर्ग, रेकॉर्ड करून ठेवलेले रागपरिचयाचे धडे आणि विद्यार्थ्यांना पेटी किंवा तानपुरा घेऊन देण्याचे पैसे, असे ते पाच रकाने. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘दक्षिणा’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेले होते.

“काका, ॲपमध्ये आपला यूपीआयचा क्यूआर लावला की झालं ना?” ताईंनी विचारले.

झाले नाही. या पाचांपैकी काही रकान्यांना क्यूआर लावता येतो, काहींना तो किंवा तशीच दुसरी सोय लावावीच लागते आणि काहींना लावला तर ॲप मंजूरच होत नाही. एकाच शिक्षिकेने, एकाच विद्येसाठी घेतलेले हे पैसे आहेत, तरी ज्या स्टोअरमधून ॲप लोकांच्या फोनवर जाते त्याच्या लेखी ते वेगवेगळे व्यवहार ठरतात. ते तसे का ठरतात, हे समजले की या विषयातला बराचसा गुंता सुटतो, म्हणून ताईंच्या वहीच्याच आधाराने तो उलगडून पाहू.

सुरुवातीला व्यवहाराची रीत पाहिली पाहिजे. आयफोनवर भारतात ॲप घ्यायचे तर ते अॅपलच्या ॲप स्टोअरमधूनच घ्यावे लागते. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप उतरवून घेता येते, परंतु सर्वसामान्य माणूस गूगलच्या प्ले स्टोअरपलीकडे सहसा जात नाही. या दोन्ही स्टोअरनी पैसे घेण्याची स्वतःची यंत्रणा उभारलेली आहे. ग्राहकाने ॲपमधले ‘विकत घ्या’ हे बटण दाबले की पडद्याच्या खालच्या बाजूने एक पांढरी पट्टी वर येते, तिच्यावर वस्तूचे नाव, रक्कम आणि सदस्यत्व असल्यास त्याची मुदत लिहिलेली असते, आणि बोट किंवा चेहरा दाखवला की पैसे जातात. ही पट्टी ॲप बनवणाऱ्याची नसून स्टोअरची असते. पैसे आधी स्टोअरकडे जमा होतात, स्टोअर आपले कमिशन कापून घेते आणि उरलेली रक्कम पुढे ठरलेल्या मुदतीत विकसकाच्या, म्हणजे ॲप बनवणाऱ्याच्या, खात्यात पाठवते. पावतीही स्टोअरच पाठवते. ग्राहकाचा फोन नंबर किंवा ईमेल विकसकाला आपोआप मिळत नाही, आणि ज्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे पालकांचा नंबर लिहिलेला असतो अशा ताईंना कमिशनपेक्षा हीच गोष्ट अधिक विचित्र वाटली.

आता ही पट्टी केव्हा वापरणे बंधनकारक आहे? दोन्ही स्टोअरच्या नियमावल्या लांबलचक आहेत, परंतु पैशांच्या बाबतीत दोन्हींचा कणा एकच आहे. विकली जाणारी गोष्ट ॲपच्या आतच वापरली जाणार असेल, म्हणजे खेळातली नाणी, वाचायचा मजकूर, जाहिरातींशिवायची आवृत्ती, रेकॉर्ड केलेला धडा यांपैकी काही असेल, तर पैसे स्टोअरच्या यंत्रणेतूनच घ्यावे लागतात. विकली जाणारी वस्तू किंवा सेवा ॲपच्या बाहेर, प्रत्यक्ष जगात मिळणार असेल, तर स्टोअरची यंत्रणा वापरायची नसते. तिथे कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग अशी दुसरी सोय करावी लागते.

या कसोटीने पहिला आणि पाचवा रकाना चटकन निकालात निघतात. माडीवर सतरंजीवर बसून घेतलेल्या शिकवणीची फी आणि टेम्पोतून घरी पोहोचणारी पेटी या दोन्ही गोष्टी ॲपबाहेरच्या आहेत. त्यांचे पैसे यूपीआयने घ्यावेत आणि त्यातला एक पैसाही स्टोअरला जात नाही. म्हणूनच ॲपवरून मागवलेल्या जेवणाचे किंवा बोलावलेल्या रिक्षाचे पैसे आपण हव्या त्या रीतीने देतो आणि ती पांढरी पट्टी तिथे कधी दिसत नाही.

चौथा रकानाही सरळ आहे, फक्त तो उलट बाजूला पडतो. रेकॉर्ड केलेला यमनाचा धडा ॲपमध्ये ऐकायचा, ॲपमध्ये पाहायचा. तेव्हा तो ॲपमध्ये विकायचा असल्यास पट्टी वापरायची आणि कमिशन द्यायचे.

खरी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात आहे. अॅपलच्या नियमावलीत शिकवणी, डॉक्टरांचा सल्ला, व्यायामाचे मार्गदर्शन असे दाखले देऊन म्हटले आहे की दोन व्यक्तींमध्ये त्याच वेळी थेट चालणाऱ्या सेवेचे पैसे विकसकाला बाहेरच्या पद्धतीने घेता येतील. त्याच कलमाच्या पुढच्या वाक्यात मात्र एका व्यक्तीने थोड्या किंवा अनेक जणांना दिलेल्या थेट सेवेला अॅपलचीच यंत्रणा लागेल, असे सांगितले आहे. म्हणजे टोरांटोच्या मुलाला ताई एकट्याला भूप शिकवतात, तेव्हा पैसे थेट घेता येतात. रविवारी पाच मुले एकत्र आली की तोच भूप स्टोअरच्या यंत्रणेतून विकावा लागतो.

“आणि त्या मुलाच्या शेजारी त्याची बहीण येऊन बसली तर?” असे ताईंनी लगेच विचारले, आणि हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, कारण ती बहीण खरोखरच अधूनमधून येऊन बसते. एका विद्यार्थ्याच्या फीत घरातले आणखी कोणी कान देऊन ऐकत असेल तर व्यवहार दोघांमधलाच राहतो, असे मला वाटते. दोघांची वेगळी फी घेऊन त्यांचा वर्ग बांधला, की तो ‘थोड्यांना’ दिलेल्या सेवेत मोडेल. परंतु हे माझे वाचन झाले. ॲप मंजूर करायचे की नाही, हे स्टोअरचे परीक्षण करणारे लोक ठरवतात, आणि नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असतो.

ही रेघ अशी अवघड जागी का ओढली गेली, हे समजून घ्यायला २०२० साल आठवावे लागते. टाळेबंदीत जगभरातल्या व्यायामशाळा, योगवर्ग, शिकवण्या एका रात्रीत पडद्यावर आल्या. तोवर त्या ‘प्रत्यक्ष जगातल्या’ सेवा होत्या आणि त्यांना कमिशन लागत नव्हते. आता त्याच सेवा ॲपच्या आत मिळू लागल्या. ऑनलाइन वर्ग विकू लागलेल्या एअरबीएनबी आणि क्लासपास या कंपन्यांची अॅपलशी याच मुद्द्यावर बोलणी झाली, त्यावर बरीच टीका झाली, आणि पुढे अॅपलने एकास एक सेवेला सूट देऊन सामूहिक वर्गांना काही काळ सवलत दिली. सवलतीची मुदत संपल्यावर आजचा नियम उरला. जुन्या नियमाला नव्या परिस्थितीत घातलेले हे ठिगळ आहे, आणि ठिगळाची शिवण नेमकी रविवारच्या पाच मुलांच्या वर्गावरून गेली आहे.

दक्षिणेचा प्रश्न मी थट्टेत घेतला होता, पण त्यालाही नियम आहे. अॅपलच्या नियमानुसार एका व्यक्तीने दुसरीला स्वखुशीने पैसे दिले, देणे पूर्णपणे ऐच्छिक असले आणि शंभर टक्के रक्कम घेणाऱ्याला पोहोचली, तर स्टोअरची यंत्रणा लागत नाही. मात्र त्या भेटीच्या बदल्यात कोणताही डिजिटल मजकूर किंवा सेवा मिळत असेल, तर तिला भेट मानले जात नाही. गुरुपौर्णिमेला दिलेली दक्षिणा चालते. ‘दक्षिणा द्या आणि मालकंसाचा धडा उघडा’ हे चालत नाही. ही व्याख्या वाचताना मला बरे वाटले, कारण दक्षिणेची आपली जुनी समजूतही याहून फार वेगळी नाही.

आता टक्क्यांकडे वळू. अॅपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपनिशी उघडले, तेव्हापासून विकसकाला ७० आणि स्टोअरला ३० टक्के ही वाटणी चालत आली. त्या काळी हा दर भरमसाट वाटला नव्हता. मोबाइलवरच्या कॉलर ट्यूनच्या जमान्यात आपल्याकडच्या टेलिफोन कंपन्या मिळकतीचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवत आणि गाणे पुरवणाऱ्याच्या हाती थोडके येई. त्या तुलनेत ७० टक्के घरी येणे म्हणजे चंगळच होती. ॲपच्या आतली खरेदी २००९ मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये नियतकालिक सदस्यत्व आले, म्हणजे एकदाच द्यायचे पैसे दरमहा द्यायचे झाले. टीका वाढत गेली तसे दर थोडे खाली आले. अॅपलने १ जानेवारी २०२१ पासून लहान व्यावसायिकांसाठी १५ टक्क्यांची योजना आणली. आधीच्या वर्षात कमिशन वजा जाता १० लाख डॉलरपर्यंत मिळकत असलेल्यांना ती लागू होते. गूगलने १ जुलै २०२१ पासून वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून सर्व सदस्यत्वांवर पहिल्या दिवसापासून १५ टक्के दर केला.

दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण हिशेबनिसाच्या नजरेला त्यांत फरक आहे. गूगलची पद्धत आयकराच्या टप्प्यांसारखी आहे. मर्यादा ओलांडली तरी पहिल्या टप्प्यावरचा दर १५ टक्केच राहतो आणि वरच्या रकमेला ३० टक्के लागतात. अॅपलकडे मर्यादा ओलांडली की त्या वर्षातल्या पुढच्या विक्रीला नेहमीचा दर लागतो आणि पुढच्या वर्षी सवलतीची पात्रताच जाते. शिवाय ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही. योजनेत नाव नोंदवले नाही, तर दांडिया बाजारातल्या शिकवणीलाही बड्या कंपनीचाच दर लागू होतो. भाच्याला मी पहिले काम हे सांगितले.

किंमत ठरवतानाची एक चूक इतकी सर्रास होते की ती आकड्यांत दाखवणे बरे. कर क्षणभर बाजूला ठेवू. ताईंना रागपरिचयाच्या धड्यांचे ५०० रुपये हातात हवे आहेत आणि कमिशन १५ टक्के आहे. भाच्याने ५०० वर १५ टक्के चढवून किंमत ५७५ लिहिली होती. परंतु कमिशन ५०० वर नव्हे, विक्रीच्या किमतीवर कापले जाते. ५७५ चे १५ टक्के ८६ रुपये २५ पैसे होतात आणि ताईंच्या हाती ४८८ रुपये ७५ पैसे येतात. ५०० मिळवायचे तर ५०० ला ०.८५ ने भागावे लागते, म्हणजे ५८८ रुपयांच्या वर किंमत ठेवावी लागते. ३० टक्क्यांच्या दराने हाच आकडा ७१४ च्या पुढे जातो. यावर जीएसटी, विकसक म्हणून अॅपलला दरवर्षी द्यायचे ९९ डॉलर आणि गूगलला एकदाच द्यायचे २५ डॉलर हे खर्च वेगळेच.

आणि हे सर्व अशा देशात, जिथे १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहाराचे बँकशुल्क, घ्यायचे नाही असा नियम आहे. खंडेराव मार्केटमध्ये मेथीची जुडी घेताना दिलेले पैसे भाजीवालीला पुरेपूर पोहोचतात. ज्या ग्राहकाला पैसे पाठवण्याचा खर्च शून्य वाटण्याची सवय लागली आहे, त्याला १५ टक्के हा आकडा समजावून सांगणे अमेरिकेपेक्षा आपल्याकडे अधिक अवघड आहे.

स्टोअरची बाजू अशी की कमिशन हे केवळ पैसे पाठवण्याचे शुल्क नाही. ॲप तपासणे, ते जगभर पोहोचवणे, विकसकांना साधने पुरवणे, फसवणूक रोखणे, परतावे देणे आणि अनेक देशांतले कर भरणे या सर्वांचा मोबदला त्यात आहे. यात तथ्य आहे. ताईंनी कॅनडात धडा विकायचा ठरवला, तर तिथला कर आणि तिथल्या चलनाची उलाढाल स्वतः सांभाळण्यापेक्षा १५ टक्के देऊन मोकळे होणे त्यांच्या फायद्याचे ठरेल, असे मलाही वाटते. पण हाच युक्तिवाद पुरता लावून पाहिला तर एक प्रश्न उरतोच. रिक्षाचे ॲपही स्टोअरच तपासते, तेच ते लाखो फोनांवर पोहोचवते, आणि तरी ५०० रुपयांच्या फेरीतून स्टोअर काहीच घेत नाही. ५०० रुपयांच्या धड्यातून मात्र ७५ रुपये घेते. सेवेचा मोबदला सेवेच्या प्रमाणात नसून कोणाकडून वसूल करता येईल यावर ठरलेला दिसतो. वस्तू ग्राहकाच्या दारी पोहोचली की नाही याची खात्री स्टोअरला देता येत नाही, हे त्यावरचे उत्तर मला अर्धेच पटते.

तरीही मोठे खटले कमिशनच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच एका नियमावरून रंगले. बाहेर, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटवर, हीच वस्तू स्वस्त मिळते असे ॲपच्या आत ग्राहकाला सांगायचे नाही, तसे बटण ठेवायचे नाही, दुवा द्यायचा नाही, असा तो नियम आहे. बाहेर विकायला बंदी नाही. ताई आपल्या वेबसाइटवर यूपीआयने ५०० रुपयांना धडे विकू शकतात, विकत घेतलेले धडे विद्यार्थी ॲपमध्ये उघडू शकतात. अॅपलची अट एवढीच की तेच धडे ॲपच्या आतही विक्रीला असावेत. परंतु ॲपच्या आत ५९० रुपयांच्या बटणाखाली ‘वेबसाइटवर ५००’ असे लिहिता येत नाही. फाटकाबाहेर स्वस्त दुकान थाटायला हरकत नाही, फक्त आतल्या गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता सांगायचा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका दाव्यात तडजोड झाल्यावर ग्राहकाने दिलेल्या ईमेलवर ही माहिती कळवायला अॅपलने मोकळीक दिली. म्हणजे ताईंची जुनी वही आणि तिच्यातले फोन नंबर पुन्हा कामाला आले.

या गप्प राहण्याची किंमत कोण मोजते, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात स्पष्ट दिसले. ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, आपले सशुल्क सदस्यत्व इथे आणले तेव्हा वेबवर महिन्याला ६५० रुपये आणि फोनवरच्या ॲपमधून ९०० रुपये असे दोन दर ठेवले होते. ९०० मधून ३० टक्के वजा केले की ६३० उरतात. दोन दरांतली तफावत म्हणजे जवळजवळ नेमके कमिशन. सेवा एकच होती, पण दुसरे दार माहीत नसलेला ग्राहक दरमहा २५० रुपये जास्त देत होता. नेटफ्लिक्सने आयफोनच्या ॲपमधून नवे सदस्य घेणे २०१८ च्या अखेरीस बंद केले. आयफोनवरच्या ॲमेझॉनच्या किंडल ॲपमध्ये पुस्तके वाचता येत, पण विकत घेता येत नसत, आणि ती कुठे घ्यायची हेही तिथे लिहिलेले नसे. वाचकाला हा ॲमेझॉनचा ढिसाळपणा वाटे. तो नियमाचा परिणाम होता.

हा बांध फोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न एपिक गेम्सने केला. फोर्टनाइट या खेळात कंपनीने १३ ऑगस्ट २०२० रोजी थेट पैसे देण्याची सोय घातली आणि त्याच दिवशी दोन्ही स्टोअरनी तो खेळ काढून टाकला. अॅपलविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी १० सप्टेंबर २०२१ रोजी बहुतेक मुद्द्यांवर अॅपलच्या बाजूने निकाल दिला, परंतु बाहेरच्या दाराचा उल्लेख करायला असलेली बंदी उठवायला सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर अॅपलने दुवे देऊ दिले, पण त्या दुव्यावरून बाहेर झालेल्या विक्रीवरही २७ टक्के कमिशन लावले. दार उघडले आणि उंबऱ्यावर जकातनाका बसवला, असा हा प्रकार होता. त्याच न्यायाधीशांनी ३० एप्रिल २०२५ रोजी हा आदेशाचा हेतुपुरस्सर भंग ठरवला आणि त्या कमिशनला मनाई केली. त्यानंतर अमेरिकेतल्या ॲपमध्ये असे दुवे दिसू लागले आणि किंडलमध्येही पुस्तक विकत घेण्याचे बटण आले. गूगलविरुद्धच्या खटल्यात तर डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने एपिकच्याच बाजूने कौल दिला.

अन्य देशांत न्यायालयाऐवजी कायद्याने वाट काढली. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये एकाच यंत्रणेची सक्ती रोखणारा कायदा सर्वांआधी केला. युरोपीय संघाने डिजिटल बाजारांच्या कायद्याखाली मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर बंधने घातली आणि बाहेरच्या दाराचा उल्लेख रोखल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये अॅपलला ५० कोटी युरोचा दंड केला.

आपल्याकडची गोष्ट प्रामुख्याने गूगलभोवती फिरते, कारण इथले बहुसंख्य फोन अँड्रॉइडवर चालतात. गूगलने २०२० मध्ये स्वतःच्या यंत्रणेची सक्ती स्पष्ट केली तेव्हा भारतीय स्टार्टअप मंडळींनी मोठा गलका केला आणि इथली मुदत वारंवार पुढे गेली. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २८ मार्च २०२५ रोजी तो २१६.६९ कोटींवर आणला. मधल्या काळात गूगलने भारतात पर्यायी यंत्रणा वापरू दिली, पण तिच्यावरचे कमिशन फक्त चार टक्क्यांनी कमी केले. म्हणजे १५ चे ११ आणि ३० चे २६. मार्च २०२४ च्या सुरुवातीला कमिशन न भरल्याचे कारण देऊन गूगलने भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम यांसारख्या काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून उतरवली. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांतच ती परत आली. लग्न जुळवणारे ॲप काही दिवस गायब झाल्याने किती घरांत घबराट उडाली असेल, याची कल्पना बडोद्याच्या कोणत्याही मराठी घरात बसून करता येते.

चार टक्क्यांच्या सवलतीने ताईंचे काय साधते, तेही मांडून पाहिले. ५०० रुपयांच्या धड्यावर कमिशन ७५ वरून ५५ वर येते. त्या २० रुपयांतून पेमेंट गेटवेचे, म्हणजे ग्राहकाचे पैसे वळते करून देणाऱ्या कंपनीचे, शुल्क द्यायचे. कार्डावर ते साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी असे धरले, तर हाती आठ-साडेआठ रुपये राहतात. शिवाय प्रत्येक व्यवहाराची माहिती गूगलला कळवायची, परतावा मागणाऱ्याला स्वतः उत्तर द्यायचे आणि ग्राहकापुढे दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी ठेवायच्या. महिन्याला हजारो व्यवहार होणाऱ्या कंपनीला हे परवडते. माडीवरच्या शिकवणीला ही डोकेदुखी नको, असे मी स्पष्ट सांगितले.

ग्राहकाने पैसे कोणत्या दाराने दिले, यावर पुढची आणखी एक गोष्ट ठरते. पट्टीतून घेतलेले सदस्यत्व फोनवरून ॲप काढून टाकल्याने बंद होत नाही. ते स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीत जाऊन रद्द करावे लागते. हा धडा मी स्वतः फी भरून शिकलो आहे. झोप लागावी म्हणून घेतलेले एक ॲप मी आठवड्याभरात काढून टाकले आणि त्याचे पैसे पुढे तीन महिने जात राहिले. परतावाही ज्याने पैसे घेतले त्याच्याकडेच मागायचा असतो. ॲपमधून घेतलेल्या धड्यासाठी मूळ अर्ज स्टोअरकडे करायचा, तर वेबसाइटवरून घेतलेल्याची जबाबदारी ताईंची. दरमहा आपोआप पैसे कापले जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि सदस्यत्व सोडणे मुद्दाम अवघड करून ठेवणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. ती सूचना फोनवर येते तेव्हा आपण बहुधा ती जाहिरात समजून बोटाने बाजूला सारतो.

संध्याकाळपर्यंत वहीचे शेवटचे पान भरले. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यापुढे ताईंनी ‘यूपीआय’ लिहिले. चौथ्यापुढे ‘ॲपमध्ये ५९०, वेबसाइटवर ५००’ असे लिहून, हे ॲपमध्ये कुठेही छापायचे नाही म्हणून खाली लाल रेघ मारली. तिसरा रकाना, रविवारचा वर्ग, त्यांनी तूर्त ॲपबाहेरच ठेवायचे ठरवले. मुलांचे पालक वहीतल्या नंबरांवर असल्याने फी आजवर येते तशीच येत राहील. दक्षिणेपुढचे प्रश्नचिन्ह खोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आणि काका, तुमच्या फीचा रकाना कुठे आखू?”